लिनक्स अपग्रेड करताना कर्नल हेडर्स आणि लायब्ररी कशा सांभाळायच्या

अपग्रेड सुरळीत पार पडतं, मशीन पुन्हा सुरू होतं आणि वायफाय गायब असतं. किंवा स्क्रीन भलत्याच रिझोल्यूशनवर येते. किंवा कालपर्यंत चालणारा प्रोग्राम ‘अमुक लायब्ररी सापडली नाही’ म्हणत उघडायलाच तयार नसतो. लिनक्सची आवृत्ती पहिल्यांदा बदलणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक याच असतात. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुधा कर्नल हेडर्समध्ये निघतं (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, हेडर्स म्हणजे त्याच्याशी जुळणारा कोड बांधायला लागणाऱ्या वर्णनाच्या फाइली), तिसरीचं सिस्टिम लायब्ररींमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार कोडमध्ये.

माझी बरीचशी अपग्रेड्स डेबियन आणि उबुंटूवर झाली आहेत, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. फेडोरा आणि आर्च जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगेन. आज्ञा, फाइलींचे पत्ते आणि पॅकेजांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## १. तुम्हाला कोणते हेडर्स हवेत, ते आधी ठरवा

‘कर्नल हेडर्स’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी फिरतात. निम्मा गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार साध्या प्रोग्रामांसाठी असतो. कर्नलशी कोणत्या सिस्टिम कॉलने बोलायचं, कोणत्या रचनेत माहिती द्यायची, एवढंच त्यात असतं. ते ‘/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स’ आणि शेजारच्या ‘एएसएम’ फोल्डरमध्ये बसतात. सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी, याच हेडर्सच्या आधारे कंपाइल झालेली असते. डेबियन-उबुंटूमध्ये या पॅकेजचं नाव ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’.

दुसरा प्रकार कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे कर्नलला मागाहून जोडायचे तुकडे, बांधणाऱ्यांसाठी असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल, झेडएफएस ही फाइलसिस्टिम, काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर हे कर्नलच्या बाहेर राहतात आणि प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. त्यांना कर्नलच्या आतल्या रचना लागतात, शिवाय कर्नल कोणत्या पर्यायांसह बांधला गेला तेही कळावं लागतं. हे पॅकेज म्हणजे ‘लिनक्स-हेडर्स-’ आणि पुढे कर्नलची अचूक आवृत्ती. ते ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये उतरतं आणि ‘/लिब/मॉड्यूल्स/(आवृत्ती)/बिल्ड’ या सिमलिंकने (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याने) त्या कर्नलला जोडलं जातं.

आता नावांचा सापळा पाहा. फेडोरामध्ये ‘कर्नल-हेडर्स’ नावाचं पॅकेज पहिल्या प्रकारचं आहे. मॉड्यूल बांधायला तिथे ‘कर्नल-डेव्हल’ लागतं. आर्चमध्ये बरोबर उलटं: ‘लिनक्स-हेडर्स’ हे दुसऱ्या प्रकारचं आणि पहिल्याचं नाव ‘लिनक्स-एपीआय-हेडर्स’. फेडोरावर ‘कर्नल-हेडर्स’ टाकून ‘हेडर्स तर आहेत, मग ड्रायव्हर का बांधला जात नाही?’ म्हणून डोकं धरून बसलेले लोक कायम भेटतात.

हा भेद लक्षात राहायला कारण माहीत असलेलं बरं. कर्नल बाहेरच्यांना दिलेला शब्द पाळतो, घरातल्यांना मात्र कसलंच वचन देत नाही. साध्या प्रोग्रामांसाठी असलेले सिस्टिम कॉल मोडायचे नाहीत हा लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम आहे. म्हणून पहिल्या प्रकारच्या हेडर्सची आवृत्ती चालू कर्नलशी जुळली नाही तरी सहसा काही बिघडत नाही. कर्नलच्या आतली फंक्शनं आणि रचना मात्र एका आवृत्तीतून दुसरीत खुशाल बदलतात. म्हणून दुसऱ्या प्रकारचे हेडर्स कर्नलशी अक्षरशः, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावे लागतात.

तुमच्याकडे बाहेरचं एकही मॉड्यूल नसेल तर दुसऱ्या प्रकाराची तुम्हाला गरजच नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा द्या (डीकेएमएस म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी अशी मॉड्यूल्स आपोआप बांधणारं साधन). उत्तर रिकामं आलं, किंवा अशी आज्ञाच नाही असं कळलं आणि हाताने बांधलेलं मॉड्यूलही (फेडोरावर त्याच कामाचं ‘एकेमॉड’ही) नसेल, तर पायरी ४ आणि ६ वरवर वाचून पुढे जा.

## २. सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप, याच मशीनवर नसलेला. ‘/ईटीसी’ फोल्डरची प्रतही त्यात घ्या.
- त्याच वितरणाचा लाइव्ह यूएसबी. तो बूट होतो की नाही हे आजच तपासा.
- केबलचं इंटरनेट किंवा फोनचं यूएसबी टेदरिंग. वायफाय ड्रायव्हर बाहेरचा असेल तर याला पर्याय नाही.
- ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तिथे मोकळी जागा. ‘डीएफ -एच /बूट’ने कळेल. नवा कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) मिळून सहज शंभर-दोनशे एमबी घेतात, आणि ही जागा अपग्रेडच्या अर्ध्यात संपली तर निस्तरणं कटकटीचं असतं.
- ‘बिझीबॉक्स-स्टॅटिक’ पॅकेज. ते का, ते पायरी ८ मध्ये.
- दूरच्या सर्व्हरवर काम असेल तर ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी साधनं), आणि होस्टिंगवाल्याकडून कन्सोलची सोय.

## ३. पॅकेज मॅनेजरच्या वहीत नसलेलं सगळं शोधून काढा

माझ्या मते सगळ्या लेखात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि हीच सगळे गाळतात. वितरणाने आपल्या पॅकेजांची सांगड आधीच घालून, तपासून दिलेली असते. अपग्रेड फसतं ते तुम्ही बाहेरून आणलेल्या गोष्टींमुळे. त्या कुठे कुठे लपतात पाहा.

बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून येतात ती भांडारं): ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी’ उघडा. वितरणाची नसलेली प्रत्येक नोंद तात्पुरती बंद करा. उबुंटूचं अपग्रेड साधन हे स्वतःच करतं, डेबियनमध्ये तुम्हाला करावं लागतं. यांतल्या एखाद्या रिपॉझिटरीने मूळ लायब्ररीची स्वतःची, जास्त नवी आवृत्ती बसवली असेल तर खरी गुंतागुंत होते, कारण अपग्रेडला ती मागे आणता येत नाही. अशी पॅकेजं आधीच वितरणाच्या आवृत्तीवर आणून ठेवा.

अडवून ठेवलेली पॅकेजं: ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’. कधीकाळी ड्रायव्हर टिकावा म्हणून कर्नल ‘होल्ड’वर टाकलेला असतो आणि सगळे ते विसरलेले असतात. अशी पॅकेजं अपग्रेडआधी होल्डवरून उतरवा.

अर्धवट बसलेली पॅकेजं: ‘डीपीकेजी --ऑडिट’. इथे काहीही छापलं गेलं तर आधी ते मिटवा. मोडक्या पायावर अपग्रेड सुरू करू नका.

‘/यूएसआर/लोकल/लिब’: सोर्सवरून ‘मेक इन्स्टॉल’ केलेल्या लायब्ररी इथे येतात. डेबियन-उबुंटूमध्ये लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा भाग) शोधताना या फोल्डरला अधिकृत फोल्डरच्या आधी मान देतो. म्हणजे तिथे जुनी, हाताने बांधलेली ‘लिबकर्ल’ पडलेली असेल तर अपग्रेडनंतरचा नवा प्रोग्रामही तीच उचलेल आणि एखादं फंक्शन सापडत नाही म्हणून मरेल. दोष मात्र अपग्रेडच्या माथी जाईल. फोल्डरची यादी काढा, नको ते हलवा आणि लोडरची यादी ताजी करायला ‘एलडीकॉन्फिग’ चालवा. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हा लोडरला आणखी फोल्डर सुचवणारा व्हेरिएबल कुठल्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहून ठेवलाय का, तेही बघा.

हाताने बांधलेली मॉड्यूल्स: ‘/लिब/मॉड्यूल्स’खालच्या ‘एक्स्ट्रा’ आणि ‘अपडेट्स’ फोल्डरमध्ये डोकावा. डीकेएमएसच्या यादीत नसलेलं जे काही तिथे असेल, ते नव्या कर्नलसोबत आपोआप येणार नाही.

## ४. हेडर्सचं मेटापॅकेज आहे ना, बघा

समजा तुम्ही कधीतरी कुठेतरी वाचून ‘ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-’ आणि पुढे ‘यूनेम -आर’चं उत्तर (चालू कर्नलची आवृत्ती) जोडलं होतं. त्या दिवशी काम झालं. पण त्यामुळे मशीनवर फक्त त्या एका कर्नलचे हेडर्स आले. अपग्रेडमध्ये नवा कर्नल येईल, हेडर्स येणार नाहीत, डीकेएमएसकडे बांधायला सामान नसेल, आणि नव्या कर्नलवर ड्रायव्हर नसेल.

यावरचा उपाय म्हणजे मेटापॅकेज. स्वतः रिकामं असतं, पण कायम ताज्या आवृत्तीकडे बोट दाखवतं. डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’, उबुंटूमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’. कर्नलचंही तसंच: ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ किंवा ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’. दोन्ही जोडीने बसलेली असायला हवीत. उबुंटूवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल वापरत असाल तर हेडर्सचं मेटापॅकेजही एचडब्ल्यूईचंच घ्या. आर्चवर ‘लिनक्स-एलटीएस’ कर्नल असेल तर ‘लिनक्स-एलटीएस-हेडर्स’. नुसत्या ‘लिनक्स-हेडर्स’चा तिथे उपयोग नाही.

## ५. प्रत्यक्ष अपग्रेड

हा भाग सर्वांत कंटाळवाणा, आणि तो तसाच असायला हवा.

आधी सध्याची आवृत्ती पूर्ण अद्ययावत करा आणि एकदा रीबूट करा. आवृत्ती ओलांडून उडी मारू नका. डेबियन ११ वरून थेट १३ वर जाणं समर्थित नाही. वाटेत १२ वर थांबावंच लागतं. ‘/ईटीसी/ॲप्ट’मधल्या सोर्सेस यादीत नव्या आवृत्तीचं नाव घातल्यावर डेबियनवर क्रम असा: ‘ॲप्ट अपडेट’, मग ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, मग ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. मधली पायरी एकही नवं पॅकेज न आणता, काहीही न काढता, जे सहज बदलतं तेवढंच बदलते. नवा कर्नल आणि त्याचे हेडर्स नव्या नावाची पॅकेजं असल्यामुळे ते तिसऱ्या पायरीला येतात. उबुंटूवर ‘डू-रिलीज-अपग्रेड’, फेडोरावर ‘डीएनएफ सिस्टिम-अपग्रेड’, रेड हॅटवर ‘लीप’.

‘फुल-अपग्रेड’ सुरू करण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी समोर येते. ती वाचा. नीट वाचा. त्यात तुमचं डेस्कटॉप किंवा डेटाबेस सर्व्हर दिसला तर ‘नाही’ म्हणून मागे या. बाहेरची कुठली तरी रिपॉझिटरी अजून चालू असण्याची शक्यता मोठी.

उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ वर जाताना या यादीत शेकडो लायब्ररी दिसून घाबरायला होतं. ३२ बिट मशीनवरचं सन २०३८ चं वेळेचं संकट टाळायला त्या टप्प्यावर ‘टाइम_टी’ (वेळ साठवण्याचा प्रकार) ६४ बिटचा केला गेला, आणि त्यासाठी कितीतरी लायब्ररींच्या पॅकेजांना ‘टी६४’ असं शेपूट जोडलं गेलं. ‘लिबएसएसएल३’ जाऊन ‘लिबएसएसएल३टी६४’ येतं. जुनं नाव जाताना आणि नवं येताना दिसत असेल तर काळजीचं कारण नाही.

## ६. रीबूट करण्याआधी थांबा

पॅकेजं बसली, आता मशीन रीबूट मागतंय. ड्रायव्हर बाहेरचे असतील तर आधी ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. नव्या कर्नलच्या आवृत्तीपुढे ‘इन्स्टॉल्ड’ असं दिसायला हवं. फक्त जुन्या कर्नलची ओळ दिसत असेल किंवा नुसतं ‘ॲडेड’ असेल तर मॉड्यूल बांधलं गेलेलं नाही. फेडोरावर ‘एकेमॉड’ वापरत असाल तर बांधणी पार्श्वभूमीवर चालते. काही मिनिटं थांबून मगच रीबूट करा.

बांधणी फसली असेल तर लॉग ‘/व्हीएआर/लिब/डीकेएमएस’ खाली, त्या मॉड्यूलच्या ‘बिल्ड’ फोल्डरमधल्या ‘मेक.लॉग’मध्ये सापडेल. वाचताना शेवटच्या ओळीपेक्षा पहिली ‘एरर’ महत्त्वाची. सहसा तिच्यात या तीनांपैकी एक कारण निघतं.

हेडर्स सापडले नाहीत: पायरी ४ कडे परत.

कंपायलर जुळत नाही: कर्नल ज्या जीसीसी कंपायलरने बांधला, त्याचे काही पर्याय जुन्या जीसीसीला समजत नाहीत. उबुंटू २२.०४ वर हे पुष्कळांच्या वाट्याला आलं. तिथला नेहमीचा कंपायलर जीसीसी ११, पण एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला. ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’ अशी ओळ दिसली की ‘जीसीसी-१२’ बसवायचं. कर्नल कशाने बांधलाय ते ‘/प्रोक/व्हर्जन’ सांगतं, अर्थात चालू कर्नलपुरतंच.

ड्रायव्हरचा कोडच जुना: एखाद्या फंक्शनचे पॅरामीटर बदललेत किंवा ते नाहीसंच झालंय अशी तक्रार असेल तर हेडर्स कितीही वेळा पुन्हा बसवून फरक पडणार नाही. ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधा, ती येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा. जुन्या कर्नलचे हेडर्स नव्याच्या जागी सिमलिंक करून फसवण्याचा ‘उपाय’ कुठे वाचलात तर त्या वाटेला जाऊ नका. मॉड्यूलमध्ये आवृत्तीचा शिक्का असतो, कर्नल तो तपासतो आणि ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून परत पाठवतो. आणि जबरदस्तीने घुसवलंच, तर चुकीच्या रचनेने मेमरीत लिहिणारा ड्रायव्हर ही न चालणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा वाईट गोष्ट आहे.

सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक अडथळा असतो. मॉड्यूल बांधलं जातं, पण सही मान्य नसल्यामुळे लोड होत नाही. संदेश ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा येतो. ‘मोकयूटिल --इम्पोर्ट’ने डीकेएमएसची चावी नोंदवावी लागते. त्यावेळी एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तोच पुन्हा द्यावा लागतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. सवयीने चहाला उठलात तर सगळं पहिल्यापासून.

हे सगळं जमलं की रीबूट करा. ग्रब या बूट मेनूच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतोच, नव्याने दगा दिला तर तिथून आत या. म्हणूनच नव्या कर्नलवर सगळं चालतंय हे दिसेपर्यंत ‘ऑटोरिमूव्ह’ची घाई नको.

## ७. लायब्ररींचा हिशेब

जीलिबसीचा नियम एका दिशेचा आहे: जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे, १३ मध्ये २.४१. म्हणून १३ वर कंपाइल केलेली फाइल १२ च्या सर्व्हरवर नेली तर ‘जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड’सारखा संदेश येऊ शकतो. अशा वेळी नवी जीलिबसी डाउनलोड करून सिस्टिममध्ये टाकायची नाही. प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर, हवं तर कंटेनरमध्ये (त्याच मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात), पुन्हा बांधायचा. तुमच्याकडची आवृत्ती ‘एलडीडी --व्हर्जन’ सांगतं.

इतर लायब्ररींमध्ये नावातला आकडा पाहायचा. ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ आणि ‘लिबएसएसएल.एसओ.३’ या वेगळ्या लायब्ररी आहेत, एक दुसरीची जागा घेत नाही. उबुंटू २२.०४ ने ओपनएसएसएल १.१ (वरची ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ यातलीच) काढून टाकली तेव्हा बाहेरून आणलेले कितीतरी प्रोग्राम अडले. ‘.३’ला ‘.१.१’ नावाची सिमलिंक करणं हा लोकप्रिय आणि चुकीचा इलाज आहे. प्रोग्राम पुन्हा बांधा किंवा त्याची नवी आवृत्ती घ्या. जुन्या आवृत्तीचं पॅकेज शोधून बसवता येतं, पण ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आहे. इंटरनेटला तोंड असलेल्या सेवेसाठी मी ते करणार नाही.

कोणाला काय कमी पडतंय ते ‘एलडीडी’ दाखवतं. ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी शोधा. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर मात्र ‘एलडीडी’ चालवू नका, त्यात ती फाइल प्रत्यक्ष चालण्याची शक्यता असते. तिथे ‘रीडएल्फ -डी’ वापरा.

डिस्कवर लायब्ररी बदलली तरी चालू प्रोग्राम मेमरीत जुनीच धरून असतात. पूर्ण रीबूट केला असेल तर हा प्रश्न उरत नाही. एरवीच्या लहान सुरक्षा अपडेटनंतर ‘नीडरीस्टार्ट’ चालवून कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते पाहा.

एका गोष्टीकडे जवळपास कुणाचंच लक्ष जात नाही: डेटाबेस. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम लावायला पुष्कळदा जीलिबसीचे नियम वापरतं. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेटा तसाच, पण जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या नियमांनी वाचले जाऊ लागले, आणि असलेल्या नोंदी ‘नाहीत’ असं उत्तर येऊ लागलं. एररही नाही. म्हणून आवृत्ती बदलल्यावर मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ने पुन्हा बांधा आणि मगच कोलेशनची (म्हणजे क्रमाच्या नियमांची) नोंदलेली आवृत्ती ‘रिफ्रेश’ करा. उलट क्रमाने केलंत तर आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा जाईल, बिघाड राहील.

पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही अपग्रेडनंतर मोडतात, कारण आतला पायथनच बदललेला असतो. दुरुस्त करत बसू नका, नवे बनवा. त्यासाठी गरजेच्या पॅकेजांची यादी आधी काढून ठेवलेली असली म्हणजे झालं.

## ८. सी लायब्ररीच मोडली तर

‘एलएस’, ‘सीपी’, ‘सुडो’ हे सगळे जीलिबसीवर उभे असतात. ‘लिबसी.एसओ.६’ला हात लागला की एकही आज्ञा चालत नाही. म्हणून मोठ्या अपग्रेडच्या वेळी एक रूट शेल (सर्वाधिकार असलेलं टर्मिनल) उघडं ठेवावं. जे शेल आधीच चालू आहे ते चालूच राहतं, आणि त्याच्या अंगच्या आज्ञा, म्हणजे ‘सीडी’, ‘एको’, अजून काम करतात. ‘एको *’ने फाइलींची यादीही मिळते. स्टॅटिक बिझीबॉक्स कुठल्याच लायब्ररीवर अवलंबून नसतो, त्यामुळे त्याने फाइली जागेवर परत ठेवता येतात.

तेही नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, डिस्क माउंट करा आणि तिथली ‘लिबसी६’ पुन्हा बसवा. क्रूट करायला (म्हणजे त्या डिस्कलाच मूळ फोल्डर मानून आत शिरायला) जाल तर लक्षात ठेवा, आतलं शेलही त्याच मोडक्या लायब्ररीवर चालणार आहे. आधी बाहेरून ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ने पॅकेजमधल्या फाइली त्या डिस्कवर उतरवा, मग आत शिरा.

## ९. कंटेनर वापरणाऱ्यांसाठी

कंटेनरमध्ये कर्नल होस्टचा (मूळ मशीनचा) आणि लायब्ररी कंटेनरच्या. आत ‘यूनेम -आर’ दिलंत तर होस्टची आवृत्ती दिसते आणि त्या नावाचे हेडर्स कंटेनरच्या रिपॉझिटरीत नसू शकतात. मॉड्यूल होस्टवरच बांधा.

इथे जुना होस्ट आणि नवी इमेज (कंटेनर ज्यातून उभा राहतो तो साचा) ही जोडी त्रास देते. जीलिबसी २.३४ पासून थ्रेड बनवताना ‘क्लोन३’ हा सिस्टिम कॉल वापरला जातो. जुना डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) तो ‘परवानगी नाही’ म्हणून अडवायचा, आणि जीलिबसी जुन्या कॉलकडे वळण्याऐवजी हार मानायची. डॉकर २०.१०.१० मध्ये हे सुधारलं. म्हणून नव्या इमेजमधल्या साध्यासुध्या आज्ञा विनाकारण फसत असतील तर आधी होस्टवरचा डॉकर अद्ययावत करा.

## १०. साफसफाई

नव्या कर्नलवर काही दिवस निर्धास्त गेले की ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवा. जुने कर्नल आणि त्यांचे हेडर्स निघतील. चालू कर्नलला ते हात लावत नाही. ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘?ऑब्सोलीट’ दिलंत की आता कुठल्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजं दिसतात. त्यांतली जुनी लायब्ररी काढण्याआधी ‘ॲप्ट आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड’ने तिच्यावर कुणी अवलंबून आहे का ते पाहा. पायरी ३ मध्ये बंद केलेल्या रिपॉझिटरी आता, नव्या आवृत्तीसाठी पॅकेजं देत असतील तरच, एकेक करून चालू करा आणि प्रत्येकीनंतर ‘ॲप्ट अपडेट’ चालवून काय बदलू पाहतंय ते बघा. होल्डवरून उतरवलेलं एखादं पॅकेज पुन्हा होल्डवर टाकायचंच असेल, तर कारण कुठेतरी लिहून ठेवा.